ख्रिस्तपुराण : सरकत्या सीमेवरील काव्य

बीजशब्द : ख्रिस्तपुराण, धर्मांतर, राज्यसीमा, साष्टी, अंत्रुज, हेलियांड, पुराणपरंपरा

प्रास्ताविक

मराठी भाषेचा गौरव करणाऱ्या कवींची नामावळी सांगताना ज्ञानेश्वरांच्या पाठोपाठ हमखास नाव येते ते फादर थॉमस स्टीफन्स यांचे. मराठीला रत्नांची, फुलांची, पक्ष्यांची आणि कल्पतरूची उपमा देणाऱ्या त्यांच्या ओव्या शालेय पाठ्यपुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमांतून एवढ्या वेळा उद्धृत झाल्या आहेत की, 'ख्रिस्तपुराण' म्हणजे त्या चार-सहा ओव्याच, असा समज व्हावा. प्रत्यक्षात हा ग्रंथ सुमारे अकरा हजार ओव्यांचा आहे. 'पैलें पुराण' ३६ अवस्वरूंचे आणि 'दुसरें पुराण' ५९ अवस्वरूंचे. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा आहे, तर दुसऱ्यात येशूचे चरित्र. या प्रचंड विस्तारातून मराठीच्या स्तुतीचा तेवढा भाग उचलायचा आणि उरलेला ग्रंथ ग्रंथालयाच्या फडताळात ठेवायचा, ही आपल्या समीक्षेची एक सोयीची सवय होऊन बसली आहे.

ही सवय निरुपद्रवी नाही. ज्या मुलखात हा ग्रंथ लिहिला गेला, त्या साष्टी महालातील देवळे ग्रंथ छापला जाण्यापूर्वी अर्धशतक आधी जमीनदोस्त झाली होती. ज्यांच्यासाठी तो लिहिला गेला, त्यांच्या हातांतून जुन्या पोथ्या काढून घेतल्या गेल्या होत्या. हा संदर्भ गळून पडला म्हणजे एक परदेशी पाद्री मराठीच्या गोडव्याला भुलला आणि त्याने काव्य लिहिले, अशी एक सुखद आख्यायिका शिल्लक राहते. उलट बाजूने, केवळ हाच संदर्भ धरून बसले की ग्रंथ हा धर्मप्रसाराच्या यंत्रातील एक खिळा ठरतो, आणि मग तो वाचण्याचे कारणच उरत नाही. प्रस्तुत निबंधात या दोन्ही वाचनांना बाजूला ठेवून ख्रिस्तपुराण हे एका सरकत्या सीमेवर उभे असलेले काव्य आहे, या दृष्टीने त्याचा विचार केला आहे. तुलनेसाठी युरोपच्या आरंभीच्या मध्ययुगातील सॅक्सनांचे धर्मांतर आणि त्यातून जन्मलेले 'हेलियांड' हे काव्य घेतले आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. विदर्भातील वाचकाला धर्मांतर या शब्दासरशी १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस आणि नागपूरची दीक्षाभूमी आठवते. तेथे धर्म बदलणाऱ्यांनी स्वतः निर्णय घेतला होता. तेथे कोणतीही राज्यसीमा पुढे सरकली नव्हती आणि कोणाची सत्ता त्यामागे उभी नव्हती. साष्टीतील घटना या अर्थाने अगदी वेगळ्या जातीची आहे. एकच शब्द दोन्हींसाठी वापरावा लागतो, ही भाषेची अडचण आहे.

नदीच्या दोन काठांवर

अफोंसो द अल्बुकर्कने १५१० साली तिसवाडी बेट आदिलशाहीकडून जिंकले. बारदेश आणि साष्टी हे महाल १५४३ साली पोर्तुगिजांच्या ताब्यात आले. झुआरीच्या पलीकडील अंत्रुज, म्हणजे आजचा फोंडा महाल, मात्र आदिलशाहीतच राहिला. पुढे १६७५ साली शिवाजी महाराजांनी फोंडा घेतला. नंतर तो सोंधेकरांकडे गेला आणि १७६३ साली पोर्तुगिजांनी तो आपल्या राज्यास जोडला. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल १७८० च्या दशकात त्यांच्याकडे आले. गोव्याच्या इतिहासात 'जुन्या काबिजादी' आणि 'नव्या काबिजादी' हा जो भेद केला जातो तो असा. जुन्या काबिजादींत ख्रिस्ती वस्ती दाट आणि नव्या काबिजादींत देवळे दाट, हे गोव्यात कोणालाही डोळ्यांनी दिसते.

तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली. साष्टीत हे काम मुख्यत्वे १५६७ साली झाले. तेथे नष्ट झालेल्या देवळांचा आकडा सुमारे २८० असा दिला जातो. याच दशकात, १५६० साली, गोव्यात धर्मसमीक्षण संस्था, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाली होती. ती मधला अल्प काळ सोडल्यास १८१२ पर्यंत चालू राहिली. १५५९ साली अनाथ मुलांना ख्रिस्ती पालकांच्या हवाली करण्याविषयीचे फर्मान निघाले होते. गावकरी संस्था, तिच्या जमिनी, तिचे उत्पन्न आणि देवस्थानाचे वतन ही सारी एकमेकांत गुंतलेली असल्याने धर्म बदलणे किंवा न बदलणे हा केवळ श्रद्धेचा प्रश्न राहिला नव्हता. गावात गावकार म्हणून राहायचे की नाही, असा तो प्रश्न होता.

ज्यांनी न बदलण्याचे ठरवले त्यांनी देव उचलले आणि नदी ओलांडली. कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, मंगेश प्रियोळला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास गेला. अंतर फार नव्हते. काठावर उभे राहिले तर पलीकडचा काठ दिसतो. तथापि त्या पाण्याच्या एका बाजूला मूर्ती बाळगणे गुन्हा होता आणि दुसऱ्या बाजूला नव्हता. पॉल अॅक्सेलरॉड आणि मिशेल फ्युर्च यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात देवांच्या या स्थलांतराकडे प्रतिकाराचा एक प्रकार म्हणून पाहिले आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यातील एक गोष्ट मराठी लेखनात पुरेशी ठसत नाही. हे देव ज्या मुलखात आश्रयाला गेले तो मुलूख विजापूरच्या सुलतानाचा होता. 'हिंदू विरुद्ध ख्रिस्ती' अशी सरळ रेषा येथे काढता येत नाही. सीमा होती ती विजापूर आणि पोर्तुगाल या दोन राज्यांमधली. धर्माने त्या सीमेचा आश्रय घेतला, इतकेच.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. १७६३ नंतर हीच देवळे पोर्तुगीज राज्यात आली, पण ती पाडली गेली नाहीत. नव्या काबिजादींतील प्रजेच्या धर्माला आणि देवस्थानांना हात न लावण्याचे धोरण स्वीकारले गेले. सोळाव्या शतकात सीमा सरकली की धर्म सरकत असे. अठराव्या शतकात सीमा सरकली आणि धर्म जागच्या जागी राहिला. जेझुइटांची १७५९ साली पोर्तुगीज राज्यातून हकालपट्टी झाली होती, लिस्बनमध्ये पोंबालचे राज्य होते, आणि मराठ्यांच्या शेजारी टिकून राहायचे तर नव्या प्रजेला दुखवणे परवडणारे नव्हते. तेव्हा सीमा आणि धर्मांतर यांचा संबंध निसर्गनियमासारखा नाही. तो विशिष्ट काळाने घडवलेला आहे. ज्या सोळाव्या शतकात गोव्यात हे घडले त्याच शतकात, १५५५ साली, जर्मनीत ऑग्सबर्गच्या तहाने राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म हे तत्त्व मान्य केले होते. गोव्यातील घटनांना नुसते 'मध्ययुगीन' म्हणून सोडून देणारे लेखन म्हणूनच अपुरे वाटते. ते त्या काळाचे अद्ययावत राजकारण होते.

सॅक्सनांचा तारणहार

असे असले तरी मध्ययुगाशी तुलना निरर्थक ठरत नाही. फ्रँक राजा शार्लमेन याने सॅक्सनांविरुद्ध ७७२ ते ८०४ अशी तीन दशके युद्धे केली. ७७२ सालीच त्याने सॅक्सनांचा 'इर्मिन्सूल' हा पवित्र स्तंभ पाडला. ७८२ साली वेर्डेन येथे ४,५०० सॅक्सनांचा शिरच्छेद करण्यात आला, असे फ्रँकांच्या राजकीय वृत्तान्तात नमूद आहे. त्याच सुमाराच्या एका फर्मानाने बाप्तिस्मा नाकारणाऱ्याला देहदंड ठरवला. राज्याची सीमा ऱ्हाइनकडून एल्बकडे सरकत गेली आणि तिच्याबरोबर चर्चही सरकत गेले. रिचर्ड फ्लेचर यांनी युरोपच्या धर्मांतरावरील आपल्या १९९७ च्या ग्रंथात आणि रॉबर्ट बार्टलेट यांनी त्याआधी १९९३ साली युरोपच्या घडणीवरील ग्रंथात हे दाखवून दिले आहे की, ख्रिस्ती युरोप ही आधीपासून असलेली वस्तू नाही. ती सीमा पुढे ढकलत ढकलत तयार झाली.

याच जिंकल्या गेलेल्या सॅक्सनांच्या भाषेत, नवव्या शतकाच्या पूर्वार्धात, 'हेलियांड' म्हणजे 'तारणहार' हे सुमारे सहा हजार ओळींचे काव्य रचले गेले. कर्ता अज्ञात आहे. कथा येशूची, परंतु छंद आणि शब्दकळा सॅक्सन वीरगाथांची. त्यात येशू हा सरदार आहे आणि शिष्य हे त्याचे निष्ठावंत योद्धे आहेत. नाझरेथ, बेथलेहेम ही गावे सॅक्सन गढ्या होतात. ज्या वाळवंटात येशूची परीक्षा झाली ते वाळवंट उत्तर जर्मनीच्या श्रोत्याला परके, म्हणून तेथे घनदाट अरण्य येते. अटकेच्या रात्री पीटर तलवार उपसतो तो प्रसंग कवीने रंगवून सांगितला आहे. स्वामीसाठी लढणारा योद्धा श्रोत्यांना समजत होता, दुसरा गाल पुढे करणारा समजायला वेळ लागणार होता.

हेलियांड आणि ख्रिस्तपुराण यांच्यात आठशे वर्षांचे अंतर आहे आणि एकाचा दुसऱ्यावर प्रभाव असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही दोन्हींमागील परिस्थिती चकित करणारी समान आहे. आधी पवित्र स्थान पाडले जाते, नंतर सक्तीची आणि प्रलोभनांची एक पिढी जाते, आणि त्यानंतर पराभूतांच्या काव्यरूपात विजेत्यांच्या देवाची कथा अवतरते. मूर्तिभंजकाची पिढी आणि कवीची पिढी सहसा एक नसते.

देऊळ ठेवावे, देव बदलावा

पोप पहिला ग्रेगरी याने ६०१ साली इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटस या मठाधिपतीला एक पत्र पाठवले. बीड या इतिहासकाराने ते आपल्या ७३१ च्या ग्रंथात जतन केले आहे. अँग्लो-सॅक्सनांची देवळे पाडू नयेत, आतल्या मूर्ती तेवढ्या नष्ट कराव्यात, पवित्र जल शिंपडून त्याच वास्तूंत वेद्या उभाराव्यात, म्हणजे लोक सवयीच्या ठिकाणी येत राहतील, असा त्यातील आशय आहे. विशेष म्हणजे याच ग्रेगरीने थोडे आधी केंटच्या राजाला देवळे पाडण्याचा सल्ला दिला होता. विचारांती त्याने तो बदलला.

साष्टीत ग्रेगरीचा हा दुसरा सल्ला कोणी मानला नाही. तेथे वास्तू गेली आणि मूर्ती पळाली. अनेक ठिकाणी देवळाच्या जागेवर चर्च उभे राहिले, पण देऊळ म्हणून जे होते ते राहिले नाही. ग्रेगरीची युक्ती तेथे उशिरा आली, आणि ती दगडाच्या बाबतीत न येता शब्दाच्या बाबतीत आली. स्टीफन्सने पुराण नावाचे देऊळ तसेच ठेवले. आरंभीचे नमन, ओवी, प्रश्नोत्तरांची चौकट, सर्गापासून कथा सुरू करण्याची रीत, हे सगळे खांब त्याने हलवले नाहीत. गाभाऱ्यातली मूर्ती मात्र बदलली. ख्रिस्तपुराणाची रचना समजून घेण्यास याहून नेमकी उपमा सापडत नाही.

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमारास जन्मलेला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरलेला हा जेझुइट १६१९ साली मृत्यू येईपर्यंत बहुतांश काळ साष्टीतच राहिला. तो तेथे चार वर्षांचा असताना, जुलै १५८३ मध्ये, कुंकळ्ळीच्या गावकारांनी रोदोल्फो आक्वाविवा याच्यासह पाच जेझुइटांना ठार केले. देवळे पाडणे आणि गावावर चर्च लादणे याविरुद्धचा हा उठाव होता. ते मृतदेह मिळवून त्यांचे अंत्यविधी करण्याची जबाबदारी स्टीफन्सवर आली. त्यानंतर गावकारांच्या प्रमुखांना बोलणीसाठी आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. गोड भाषेचा हा कवी कोठे उभा होता, हे समजण्यासाठी एवढा तपशील पुरेसा आहे. सॅक्सनीतील अज्ञात कवीविषयी आपल्याला असे काही सांगता येत नाही.

ख्रिस्तपुराणाच्या पहिल्याच अवस्वरूत ग्रंथरचनेची चौकट आली आहे. साष्टीतल्या एका देवमंदिरात रविवारी दुपारी पाद्री मुलांना 'दोत्रिन' शिकवीत असतो. तेव्हा एक ब्राह्मण, जो आता ख्रिस्ती आहे, पुढे येऊन विनंती करतो. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, ही शिकवण उत्तम आहे, पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केली, तर त्यांच्या जागी वाचायला दुसरे काही द्या. या विनंतीचे उत्तर म्हणजे पुढची अकरा हजार ओवी. समीक्षकांनी या प्रसंगाकडे पुराणांतील रूढ संवादचौकट म्हणून पाहिले आहे, आणि ती रूढ आहेच. जनमेजय विचारतो आणि वैशंपायन सांगतो. परंतु जनमेजयाचा प्रश्न जिज्ञासेतून येतो. साष्टीतल्या ब्राह्मणाचा प्रश्न रिकाम्या झालेल्या हातांतून येतो. त्याची पुराणे कोणी नेली हे तोच सांगतो आहे, आणि ज्याने नेली त्याच्यासमोर सांगतो आहे. मराठी साहित्यात पोथ्यांच्या जप्तीची इतकी सरळ नोंद, आणि तीही जप्ती करणाऱ्या पक्षाच्या ग्रंथात, दुसरी आढळणे कठीण. स्टीफन्सने ती का ठेवली? कदाचित त्याला ती तक्रार वाटलीच नसेल, आपल्या ग्रंथाची गरज सिद्ध करणारा पुरावा वाटला असेल. हेतू काहीही असो, ओळ ग्रंथात राहिली आहे आणि आजच्या वाचकाने ती ओलांडून मराठीच्या स्तुतीकडे धाव घेऊ नये.

या ब्राह्मणाने मागितले ते पुराण, दोत्रिन नव्हे, हेही अर्थपूर्ण आहे. दोत्रिन, म्हणजे प्रश्नोत्तररूप धर्मशिकवण, स्टीफन्सने कोकणीतून वेगळी लिहिली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली राशोल येथे छापली गेली. कोकणीचे व्याकरणही त्याने लिहिले, ते १६४० साली प्रसिद्ध झाले. घरातल्या भाषेत शिकवण आणि पुराणासाठी मराठी, अशी त्याची वाटणी होती. आणि येथेच सीमेचा प्रश्न भाषेत शिरतो.

मराठी कोणत्या काठावरची

साष्टीच्या घराघरांत बोलली जाणारी भाषा कोकणी होती. देवळात कीर्तनात आणि पुराणकथनात ऐकू येणारी भाषा मराठी होती. केळशीच्या कृष्णदास शामा याने १५२६ साली, म्हणजे साष्टी पोर्तुगिजांकडे जाण्यापूर्वी, मराठी ओवीत कृष्णचरित्र लिहिले होते. ज्या गावातून पुढे शांतादुर्गा नदीपार गेली त्याच गावचा हा कवी. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या कोकणी आणि मराठी पुराणकथांची जी हस्तलिखिते अ. का. प्रियोळकर यांनी उजेडात आणली, त्यांवरून जेझुइट पाद्री या वाङ्मयाचा किती बारकाईने अभ्यास करीत होते हे कळते. पोथ्या जाळल्याही जात आणि वाचल्याही जात. शत्रूची शस्त्रे माहीत असावीत, हा त्यामागचा साधा हिशेब.

स्टीफन्सने पुराणासाठी मराठी निवडली ती या देवळातल्या परंपरेमुळे. शुद्ध मराठीतील अवघड शब्द या काळच्या लोकांना समजत नाहीत, म्हणून सोपी, ब्राह्मणांच्या बोलीतील, म्हणजे कोकणीतील, उत्तरे मिसळली आहेत, असे त्याने प्रस्तावनेत नमूद केले आहे. याचा अर्थ असा होतो की, १६१६ पर्यंत साष्टीत पुराणाची मराठी क्षीण होत चालली होती. ती जिवंत होती ती नदीच्या पलीकडे, जेथे देव गेले होते तेथे. स्टीफन्सची मराठी ही अशी सीमेपलीकडून आणलेली भाषा आहे. देव हद्दपार झाले होते, आणि त्या देवांची भाषा नव्या देवाच्या कथेसाठी परत बोलावली गेली. मराठीच्या स्तुतीच्या त्या प्रसिद्ध ओव्या या प्रकाशात वाचल्या तर त्यांची चव बदलते. उपमांची ती माळ ज्ञानेश्वरीच्या वळणाची आहे, हे सगळेच सांगतात. ती ज्ञानेश्वरी बाळगणे साष्टीत धोक्याचे होते, हे क्वचितच कोणी सांगते.

या एका मुद्द्यावर मराठी अभ्यासपरंपरेशी काहीसा वाद घालणे भाग आहे. प्रियोळकरांनी स्टीफन्सच्या भाषेवर आणि गोव्यातील मुद्रणावर मूलभूत काम केले, आणि त्यांनीच १९६१ साली गोव्याच्या इन्क्विझिशनवर ग्रंथ लिहिला. परंतु वाचकांनी या दोन कामांना दोन कप्प्यांत ठेवले. एक भाषेचे प्रियोळकर आणि दुसरे अत्याचारांचे. स. गं. मालशे यांनी ख्रिस्तपुराणाचा भाषिक व वाङ्मयीन अभ्यास केला तो आजही या विषयाचा पाया आहे. त्या पायावर ग्रंथ आणि सीमा यांना एकत्र वाचण्याचे काम मात्र मराठीत मागे पडले. अलीकडच्या काळात ते इंग्रजीत आणि पोर्तुगिजीत अधिक झाले. आन्जेला बार्रेतो शाविएर, अलेक्झांडर हेन आणि अनन्या चक्रवर्ती यांची २००८ ते २०१८ या दशकातील पुस्तके त्याची साक्ष आहेत. गोव्यात मराठी-कोकणी वादाने या ग्रंथाला दोन्ही बाजूंनी साक्षीदार म्हणून ओढले. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आगेमागे झालेल्या चर्चांत तर ख्रिस्तपुराण कोणाचे, एवढाच प्रश्न उरला. ते कशासाठी लिहिले गेले हा प्रश्न कोणालाच नको होता.

वैकुंठ आणि बाप्तिस्मा

काव्याच्या अंतरंगात शिरले की स्टीफन्सच्या शब्दयोजनेत एक स्तरभेद दिसतो. स्वर्गासाठी तो 'वैकुंठ' हा शब्द बिनदिक्कत वापरतो. परमेश्वर, मोक्ष, भक्ती, पुण्य हे शब्द तसेच येतात. परंतु बाप्तिस्मा, साक्रामेंत, आपोस्तल, त्रित्वातील तिसरी व्यक्ती यांच्यासाठी पोर्तुगीज वा लॅटिन शब्दच मराठी ओवीत बसवलेले आहेत. कल्पनेच्या अंगणात स्थानिक शब्दाला मुक्त प्रवेश आहे, आणि विधीच्या गाभाऱ्यापाशी त्याला अडवले आहे. या निवडीमागे धर्मशास्त्रीय सावधगिरी आहे. विधीचा शब्द बदलला तर विधीचा अर्थ बदलेल, ही भीती आहे. पण 'वैकुंठ' या शब्दाबाबत ती भीती का वाटली नाही? तो शब्द उच्चारला की श्रोत्याच्या मनात शेषशायी विष्णू येणार नाही, याची हमी स्टीफन्सला कोण देणार होते? हेलियांडच्या कवीनेही 'वुर्द' म्हणजे विधिलिखित ही जुनी सॅक्सन कल्पना ख्रिस्ती कथेत राहू दिली. दोन्ही ठिकाणी कवीला जुन्या शब्दाची गरज होती आणि जुना शब्द आपले जुने नातलग घेऊन येत होता.

लंडनमधील मार्सडन संग्रहातील ख्रिस्तपुराणाच्या देवनागरी हस्तलिखिताकडे जस्टिन अॅबट यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्या प्रतीत रोमन प्रतींतील अनेक पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आढळतात. ही प्रत स्टीफन्सच्या मूळ संहितेची की नंतरच्या संस्काराची, यावर मतभेद आहेत. परंतु एवढे खरे की, गाभाऱ्यापाशी आखलेली ती रेघ एका प्रतीत एका जागी आहे आणि दुसऱ्या प्रतीत दुसऱ्या जागी. राज्याची सीमा तहाने ठरते, शब्दांची सीमा नकलाकाराच्या हाताने.

'पैलें पुराण' हा भाग मराठी समीक्षेत सहसा रूक्ष म्हणून बाजूस सारला जातो. कलादृष्ट्या 'दुसरें पुराण' सरस आहे यात शंका नाही. मरियेचा शोक आणि क्रूसारोहणाचे अवस्वरू यांत स्टीफन्सची ओवी जी उंची गाठते ती पहिल्या भागात क्वचित दिसते. पण धर्मांतरित वाचकासाठी पहिल्या भागाचे महत्त्व अधिक असावे. फ्रिसियन राजा राडबोड याची एक दंतकथा युरोपात प्रचलित होती. बाप्तिस्म्यासाठी पाण्यात एक पाय टाकल्यावर त्याने विचारले, माझे पूर्वज कोठे आहेत? नरकात, असे उत्तर मिळताच त्याने पाय मागे घेतला. दंतकथेची सत्यता संशयास्पद आहे, पण प्रश्न खरा आहे. कुलदैवत नदीपार गेल्यावर कुळाचे काय उरते? पुराणाच्या परंपरागत पाच लक्षणांत सर्ग आणि वंश ही दोन लक्षणे येतात. 'पैलें पुराण' नेमकी तीच पुरवते. सृष्टीची उत्पत्ती, आदाम, नोहा, आब्राहाम, दावीद अशी एक नवी वंशावळ ते वाचकाच्या हाती देते. जुन्या पूर्वजांचे काय झाले, हे सांगण्यापेक्षा नवे पूर्वज देणे त्याने पसंत केले. ही उणीव भरून काढण्याची रीत आहे की उणीव झाकण्याची, हे ठरवणे वाचकाच्या भूमिकेवर अवलंबून राहील. दोन्ही अर्थ संहितेला पेलतात.

आणखी एका बाबतीत ख्रिस्तपुराण हेलियांडपेक्षा कमी धाडसी ठरते. हेलियांडमध्ये येशूच सॅक्सन होतो. स्टीफन्सचा येशू गोमंतकीय होत नाही. तो यहुद्यांच्या देशातच राहतो आणि कवी मराठी अलंकारांनी त्याला सजवतो. सोळाव्या शतकातील चर्च, ट्रेंटच्या परिषदेनंतरचे चर्च, एवढेच स्वातंत्र्य देऊ शकत होते. या मर्यादेत राहून अकरा हजार ओव्यांत मराठीचा कस टिकवणे ही लहान गोष्ट नव्हे, हेही मान्य केले पाहिजे.

ग्रंथाची सीमापार वाट

ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६२९ साली एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरवर तसेच मराठी पुराण लिहिले. मग २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कौंद द आल्व्होर याने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले. ज्या सत्तेने पुराण मागणाऱ्याला पुराण दिले तीच सत्ता आता त्याला भाषा सोडण्यास सांगत होती. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने लग्नातली गाणी, अंगणातली तुळस, जेवणाखाण्याच्या रीती यांवरही बंदी घातली. धर्मांतरानंतर पावणेदोनशे वर्षे उलटली तरी घरातली सीमा पक्की झाली नव्हती, याचा हा सरकारी कबुलीजबाब समजावा.

गोव्यात छापलेल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो सीमेपलीकडे. गोवा सोडून दक्षिणेस कानडा प्रांतात वस्तीस गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी रोमन लिपीतील हस्तलिखिते जतन केली. त्यांच्याच आधारे जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथून ख्रिस्तपुराणाची संपादित आवृत्ती काढली. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ ची, कारिदाद द्रागो यांची १९९६ ची, आणि नेल्सन फलकाव यांची मराठी गद्यानुवादासहित आवृत्ती २००९ ची आहे. केळशीची शांतादुर्गा उत्तरेकडे नदी ओलांडून गेली तशी ही पोथी दक्षिणेकडे सीमा ओलांडून गेली.

कुंकळ्ळीची शांतादुर्गाही त्या काळी सीमेपलीकडे फातर्प्याला नेली गेली, आणि अद्याप तेथेच आहे. वर्षातून एकदा शिमग्याच्या दिवसांत तिची मिरवणूक रंगीत छत्र्यांसह कुंकळ्ळीच्या जुन्या जागी येते. या छत्रोत्सवात गावच्या बारा वांगडांचा मान असतो, आणि त्यांत ख्रिस्ती झालेल्या घराण्यांचाही वाटा राखलेला आहे. त्या दिवशी गुलाल उधळला जातो आणि संध्याकाळी देवी फातर्प्यास परतते.